ज्याला त्याला लेकरांचं सांगणारा

हे गेले त्या सकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. रविवार होता, म्हणून शिवानी, आमची मुलगी, अहमदपूरहून आलेली होती. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून हे तिच्याशी बोलत होते आणि त्यांचा आवाज मला आतपर्यंत ऐकू येत होता. बोलता बोलता तो थांबला. थकले की ते असेच मधे थांबायचे, म्हणून मला काही वाटलं नाही. कप घेऊन बाहेर आले तर शिवानी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलेली, त्यांचा हात तिच्या दोन्ही हातांत. "आई, हळू ये," ती म्हणाली. "पप्पा गेले." इतक्या शांतपणे तिनं ते सांगितलं की मीही शांतच राहिले. कप खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसले.

खरं लिहायचं तर मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं, आणि अजूनही येतं... पण आधी हायसं वाटलं. किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागायचं. हात सुयांनी गाठाळला होता. उन्हाळ्यात नांदेडच्या उकाड्यात तहानेनं जीव कासावीस व्हायचा आणि पाणी मात्र घोटभरच द्यायचं. रात्रंदिवस माझ्या जिवाला एकच घोर लागलेला असायचा, की शेवट कसा येईल, कुठल्या दवाखान्यात, किती नळ्या लावून. तो आला तो घरात, सकाळच्या उन्हात, लेकीशी बोलता बोलता. अशा सुटकेला काय नाव द्यावं मला कळत नाही. भेटायला आलेल्या बायका हळू आवाजात म्हणायच्या, "सुटले हो, ताई." मी मान हलवायचे, कारण ते खरंच होतं.

त्या दिवसांत जे लोक भेटायला आले त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हते. ते मात्र आम्हाला ओळखत होते, निदान आमच्या लेकरांना तरी. औषधाच्या दुकानातला मुलगा आला आणि म्हणाला, "ओंकारदादा पुण्याच्या मोठ्या हॉटेलात शेफ आहे ना?" कधीकाळी आमच्या गल्लीत राहून गेलेलं एक जोडपं आलं. चौकातले पंक्चरवाले चाचा आले, टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले. शिवानी पाणी घेऊन गेली तर तिच्याकडे बघून म्हणाले, "ये वोच बेटी ना, जमीन नापती? साब हमेशा बोलते थे." शिवानीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. आत येऊन मला म्हणाली, "आई, पप्पांनी एक तरी माणूस सोडलाय का गं?"

सोडला नव्हता. दिगंबरराव म्हणजे आमचे हे, पाटबंधारे खात्यात कारकून होते. औसा तालुक्यातल्या खेड्यातून नोकरीसाठी नांदेडला आले आणि इथलेच झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर साधं, संसार साधा. ह्यांना ना पत्त्यांचा शौक, ना राजकारणाचा. शौक दोनच. दिवाळीच्या सुट्टीत चौघांनी मिळून कुठंतरी जायचं, आणि वाटेत जो भेटेल त्याला आपल्या लेकरांचं सांगायचं.

दिवाळीचीच सुट्टी, कारण तेव्हा माझी शाळा बंद असायची आणि ह्यांना रजा मिळायची. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या सुरू असत, तेव्हा रजेचं नावही काढता येत नसे. लक्ष्मीपूजन झालं की भाऊबीज उरकून आम्ही निघायचो. पहिल्या वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांच्या गावी गेलो आणि तिथून जवळच खरोशाची लेणी बघितली. मग माहूर, कंधारचा किल्ला, देगलूरकडचं होट्टलचं मंदिर, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. मला गाडी लागते, त्यामुळं खिडकीची जागा माझी आणि हातात लिंबू. ओंकार ह्यांच्या मांडीवर. शिवानी मधल्या वाटेत दांडा धरून उभी, कारण तिला समोरच्या काचेतून मैलाचे दगड वाचायचे असायचे. कुठल्या गावाला किती राहिलं हे ती दगड यायच्या आधीच अंदाजानं सांगायची आणि बऱ्याचदा बरोबर यायचं.

मग ह्यांचं सुरू व्हायचं. शेजारी कुणी का बसलेलं असेना, तंबाखू मळणारे आजोबा असोत की माहेरी निघालेली लेकुरवाळी. "ही आमची शिवानी. सातवीत आहे. लोहा किती राहिलं विचारा तिला. विचारा तर!" ते बिचारे विचारायचे. "आणि हा ओंकार. सत्तावीसचा पाढा उलटा म्हणतो. म्हण रे." ओंकार म्हणायचा, कारण म्हटल्यावर त्या आजोबांकडून हमखास काहीतरी खाऊ मिळायचा. मी लाजेनं खिडकीबाहेर बघत राहायचे. एकदा मी त्यांना म्हटलंही, "अहो, लोकांना काय करायचंय आपल्या लेकरांचं?" ते मनापासून नवल करत म्हणाले, "अगं, मग दोन दोन तास करायचं काय गाडीत? ते त्यांच्या लेकरांचं सांगतेत, मी माझ्यांचं सांगतो. वेळ जातो, अन् लेकरंबी ऐकतेत की बाप काय म्हणून राहिला."

लेकरं ऐकत होती, हे मात्र खरं. लहान होती तोवर फुलायची. ओंकार तर त्या कौतुकासाठी नवे नवे पाढे पाठ करायचा.

आम्ही बीदरला गेलो तेव्हा शिवानी नववीत होती. उदगीरच्या पुढं गाडीतली भाषा बदलली, निम्मे लोक कानडी बोलायला लागले. ह्यांना त्याची काही अडचण नव्हती. शेजारच्या माणसाला ते हातवारे करून सांगायला लागले की ही मुलगी, पहिला नंबर, नकाशा बघते... शिवानीचा चेहरा लाल झाला. ती वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, पण मला ऐकू आलं, "पप्पा, प्लीज. माझ्याबद्दल कुणाला काही सांगत नका जाऊ." ह्यांनी हातवारा केलेला हात खाली घेतला. बीदरच्या किल्ल्यात आम्ही अख्खी दुपार हिंडलो, पण ते कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या गाडीत मागच्या सीटवरच्या एका बाईनं सहज विचारलं, "लेकरं शिकतेत का?" हे "हाव" म्हणाले आणि बाहेर बघायला लागले. शिवानी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तीच मागं वळली आणि म्हणाली, "माझा भाऊ उलटे पाढे म्हणतो, मावशी. ऐकायचंय?" ह्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले. हसत होते.

त्यानंतर दीड-दोन वर्षं त्यांनी खरंच तोंड आवरलं. पण शिवानीचा दहावीचा निकाल असा काही लागला की तो त्यांच्या पोटात मावेना. पेढ्यांचा पुडा घेऊन ते बाहेर पडले ते दिवे लागायच्या वेळेला परत आले. ऑफिसात, गल्लीत, बसस्टँडवर, दाढी करणाऱ्याकडे, सगळीकडे एकच, "शिवानी डॉक्टर होणार." आमच्याकडे एवढे मार्क पडले की दुसरं काही कुणाच्या मनातही येत नाही. नांदेडलाही क्लास आहेत, पण ह्यांच्या साहेबांची मुलगी लातूरला शिकून मेडिकलला लागली होती, म्हणून लातूर ठरलं. शिवानीला विचारलं तेव्हा ती "चालेल" म्हणाली. आम्ही तिला लातूरला होस्टेलवर ठेवून आलो. त्या गल्लीत सगळीच सोळा-सतरा वर्षांची लेकरं, पाठीवर सॅक, आणि भिंतीभिंतीवर गेल्या वर्षी नंबर लागलेल्यांचे फोटो.

पहिल्या दिवाळीला तिला क्लासमुळं सुट्टी मिळाली नाही. चौघांशिवाय जायचं नाही हा नियमच होता, म्हणून आम्ही तिघं घरीच राहिलो. हे डबाभर अनारसे घेऊन लातूरला गेले, तिला भेटले आणि येताना मेसवाल्या मावशींना सांगून आले की ही आमची डॉक्टर, हिच्या जेवणाकडं लक्ष ठेवा. फोनवर ती रोज तेच बोलायची. जेवले. झोपले. टेस्ट बरी गेली. दुसऱ्या वर्षी बोलणं आणखी आखडलं. मी शिक्षिका, मुलं खोटं बोलताना आवाज कसा सपाट होतो हे मला माहीत आहे. ह्यांना म्हटलं, "पोरगी ठीक नाही." ते म्हणाले, "दिवाळीला आणू तिला. क्लास बुडला तर बुडू दे."

आणायची वेळ आलीच नाही. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी होस्टेलच्या बाईंचा फोन आला. शिवानी पहाटे अंघोळ करून बाहेर पडली होती. क्लासला पोचली नव्हती. मोबाईल खोलीतच होता.

मी लगेच ह्यांना फोन लावला. हे ऑफिसातून तसेच बसस्टँडवर गेले. मला फोनवर म्हणाले, "तू घर सोडू नको. ती इकडं यायला निघाली असंल तर दारात कुणीतरी पाहिजे." मी आणि ओंकार दारातच बसलो. तो तेव्हा सातवी-आठवीत. गल्लीत रिक्षा वळली की दोघंही उठायचो.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी लातूरला पोचायला दुपार झाली. खोलीतली मैत्रीण आधी काहीच सांगेना. हे तिला रागावले नाहीत. तिच्यासमोर बसून राहिले. मग ती म्हणाली, "काका, ती काल निलंग्याच्या गाड्या कुठून सुटतात विचारत होती." ह्यांनी आक्कांना फोन लावला. तिथं शिवानी नव्हती. पण निलंग्याच्या वाटेवर लामजन्याच्या पुढं खरोसा आहे, आणि आमच्या चौघांची पहिली सहल तिथली होती. हे धावत जाऊन निलंग्याच्या गाडीत बसले. ऊन कलायला लागलं तेव्हा माझा फोन वाजला. "दिसली. बरी आहे. आता फोन करू नको," एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला. मी ओंकारला जवळ घेतलं आणि आम्ही दोघं दारातल्या पायरीवर मोठ्यानं रडलो. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं काय झालं... मी नुसती हातानं 'चांगलं, चांगलं' अशी खूण करत होते.

त्या दुपारी तिथं काय झालं हे ह्यांनी मला कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "काही न्हाई, चहा घेतला." ते मला आत्ता, तेराव्यानंतर, शिवानीनं सांगितलं. ती लेण्यांच्या वरच्या बाजूला, सावलीत, एका कोरलेल्या खांबाला टेकून बसली होती. जवळ फुटाण्याचा पुडा. मनात काही ठरवलेलं नव्हतं, ती म्हणाली. फक्त एक दिवस असा हवा होता की ज्यात तिला कुणी काही विचारणार नाही. ह्यांनी तिला मागून पाहिलं. ती बसलीय, खातेय, वाऱ्यानं तिचे केस उडतायत, एवढं बघितलं आणि हाक न मारता तसेच पावलं न वाजवता खाली उतरले. खाली चहाची टपरी होती तिथं बसले, वरच्या वाटेवर नजर ठेवून. टपरीवाल्या आजींनी शिवानीला नंतर सांगितलं की हा माणूस किती वेळचा बसलाय, चहावर चहा घेतोय, पण वर जाईना.

ती खाली उतरली आणि ह्यांना बघून तिचे पायच थांबले. हे म्हणाले, "ये. चहा घेतीस का?"

ती तिथंच रडायला लागली. ह्यांनी तिला रडू दिलं. मग ती म्हणाली, "पप्पा, मला नाही व्हायचं डॉक्टर. पण तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंय."

ह्यांनी तिच्यापुढं चहाचा कप सरकवला. मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांना म्हंजे कुणाकुणाला?"

शिवानी डोळे पुसत सांगायला लागली. ऑफिसातल्या साहेबांना. शेजारच्या काकूंना. मामाला. पेढेवाल्याला. मेसच्या मावशींना. दाढी करणाऱ्याला. पंक्चरवाल्या चाचांना. नांदेड-लातूर गाडीच्या त्या मिशीवाल्या कंडक्टरला... नावं संपेचनात. सांगता सांगता तिलाच हसू फुटलं, आणि मग दोघंही हसत सुटले, इतके की टपरीवाल्या आजीही हसायला लागल्या.

"एवढंच ना?" हे म्हणाले. "मग पुन्हा जाऊन सांगू सगळ्यांना. सांगायचंच तर काम येतं मला!"

संध्याकाळी दोघं आक्कांकडे मुक्कामाला गेले. दुसऱ्या दिवशी मी आणि ओंकार पोचलो. आक्कांनी शिवानीला काही विचारलं नाही. फक्त तिच्या मनगटाला बोटांनी वेढा घालून बघितला आणि ह्यांच्यावर ओरडल्या, "दिगू, लेकरू वाळून गेलं की रे! काय खाऊ घालतेत का न्हाई तिकडं?" मग ताटात पुरणपोळीवर तूप ओततच राहिल्या. भाऊबीज तिथंच झाली. आम्ही उसाच्या फडात हिंडलो, विहिरीवर अंघोळी केल्या, औशाचा किल्ला बघितला. किल्ल्याच्या बुरुजावर ओंकारनं शिवानीला विचारलं, "तायडे, इथून आक्काआत्याचं गाव कुणीकडं?" तिनं क्षणभर उन्हाकडे बघितलं आणि हात केला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज मला गोल, भरलेला ऐकू आला. त्या वर्षीची सहल ती. मला विचाराल तर आमच्या सगळ्या सहलींत सर्वांत चांगली तीच.

नांदेडला आल्यावर ह्यांनी दिलेला शब्द पाळायला घेतला. मला वाटलं होतं, दोन-चार जणांना सांगतील आणि बाकीच्यांना आपोआप कळेल. छे! ज्याला ज्याला सांगितलं होतं त्याच्याकडे ते स्वतः गेले. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. पेढेवाला म्हणाला, "अजून एक वर्ष द्या की साहेब, निघंल नंबर." हे म्हणाले, "नंबरचं न्हाई ओ. तिला व्हायचंच न्हाई. मीच आधी सांगून बसलो होतो." माझा भाऊ घरी येऊन तावातावानं बोलला, एवढे मार्क असलेली पोरगी वाया घालवताय म्हणाला. हे त्याला शेंगदाण्याची चटणी वाढत म्हणाले, "मेव्हणे, जेवा आधी. वाया जायला ती काय दूध आहे का नासायला?" लोक विचारायचे, मग आता काय होणार ती? तेव्हा ह्यांचं ठरलेलं उत्तर, "ती ठरवून राहिली. मला कळलं की सांगतो." कित्येकदा मी सोबत असायचे. ज्या तोंडानं कौतुक सांगितलं त्याच तोंडानं, तसंच हसत, जराही मान खाली न घालता ते हे सांगायचे. घरात बसलेल्या शिवानीपर्यंत ते सगळं पोचत होतं. हळूहळू ती बाहेर पडायला लागली. कुणी तिला अडवून विचारत नव्हतं, कारण विचारायचं काही शिल्लकच नव्हतं.

बारावी तिनं नांदेडमध्येच पूर्ण केली, मग सिव्हिलचा डिप्लोमा घेतला आणि परीक्षा देऊन भूकरमापक झाली, म्हणजे शेतजमिनीची सरकारी मोजणी करणारी. निवड झाल्याचं कळलं तेव्हा हे बराच वेळ तिच्या आजूबाजूला घुटमळत होते. शेवटी विचारलं, "आता सांगू का?" शिवानी म्हणाली, "सांगा, पप्पा." हे चपला न घालताच बाहेर पडले आणि चौकातून परत आले, चपला घालायला.

अहमदपूरकडे तिची नेमणूक झाली. आम्ही तिची खोली लावायला गेलो तेव्हा जवळच्याच एका शिवारात तिची मोजणी होती. ह्यांना ती लांबून का होईना बघायचीच होती. दोन भावांचा बांधावरून वाद, दोन्ही घरं बांधावर उभी, आवाज चढलेले. आमची शिवानी डोक्याला रुमाल बांधून मधे उभी. कुणीतरी मोजणीच्या खुणेचा दगडच उपटायला वाकलं तशी ती कडाडली, "दगडाला हात लावायचा नाही, काका. आधी मोजू द्या, मग भांडा!" दोन्ही घरं गप्प झाली. आम्ही रस्त्याच्या कडेला झाडाखाली होतो. तिथं उभा असलेला एक शेतकरी म्हणाला, "बाई लई खमकी हाय." ह्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सुरू. पण त्यांनी शिवानीकडे बघितलं, तिच्या कामाकडे बघितलं, आणि म्हणाले, "हाव. ओळखीच्या आहेत आमच्या." मग माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

ओंकारचं वेगळंच. पाढ्यांपेक्षा पाढ्यांनंतर मिळणारा खाऊ त्याला जास्त आवडायचा, हे आम्हाला उशिरा कळलं. बारावी झाली आणि त्यानं घरात सांगितलं की त्याला स्वयंपाक शिकायचाय. माझ्या डोळ्यांपुढं सगळे नातेवाईक उभे राहिले. ह्यांनी फक्त विचारलं, "सांगू का लोकांना, का थांबू?" तो म्हणाला, "थांबा, आधी मला जमतंय का बघू द्या." हे थांबले. पहिल्या सुट्टीत त्यानं घरी येऊन आमच्या घरी कधी झाली नव्हती अशी डाळ केली. ती खाऊन हे म्हणाले, "आता थांबवत न्हाई रे बाबा."

मग ह्यांचं आजारपण आलं. डायलिसिस सुरू झाल्यावर लांब जाणं संपलं. तरी शेवटच्या दिवाळीत दोघा लेकरांनी मिळून ठरवलं आणि दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी ओंकारनं गाडी काढली. सहस्रकुंडाला गेलो. ह्यांना खाली उतरवत नव्हतं, म्हणून धबधबा दिसेल अशी गाडी लावली आणि काच खाली केली. भजी विकणाऱ्या माणसाला ओंकार सांगायला लागला, "हे आमचे पप्पा. आपल्याकडचा एक किल्ला सोडला नाही यांनी, सगळे एसटीनं." शिवानी म्हणाली, "आणि रस्त्यात ज्याच्याशी बोलले नाहीत असा माणूस दाखवा." हे एवढे लाजले! "गप बसा की रे," म्हणाले, "कशाला सांगून राहिले ज्याला त्याला!" आणि त्या माणसाकडून भज्याचा एक तुकडा मागून घेतला. खायची परवानगी नव्हती. मी खाऊ दिला. आज त्याचं मला फार बरं वाटतं.

आता लिहिताना मनात चाचपून बघते, तर कुठलाच घोर हाताला लागत नाही. मुलं आपापल्या जागी आहेत, आपापल्या पायांवर आहेत, आणि मुख्य म्हणजे मला खरं सांगतात. ओंकारचं परवा कुणाशी तरी बिनसलं होतं, तर त्यानं रात्रीचं जेवण झाल्यावर फोन करून सगळं सांगितलं, लपवलं नाही. ह्यांनी माझ्यासाठी काय मागं ठेवलं म्हणाल तर हे. रिकाम्या घरात मी झोपते तेव्हा मला झोप लागते. ती लागेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात डायलिसिस सेंटरला जाऊन आले. उरलेली औषधं कुणाच्या तरी उपयोगी पडावीत, एवढाच हेतू. सिस्टरनी बसवलं, चहा मागवला. खिडकीजवळच्या ज्या कॉटवर हे असायचे तिथं एक नवे पेशंट होते, मुखेडकडचे. दुसरीच वेळ होती त्यांची. त्यांच्या पायथ्याशी त्यांची बायको बसली होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. मशीननं आवाज केला की ती दचकून सिस्टरकडे बघायची. नवीन माणूस तसंच करतं. मीही केलं होतं.

मी उठून तिच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. बरे होतील म्हणावं तर ते खोटं ठरायचं, आणि माझं सांगावं तर ती घाबरायची. मी विचारलं, "लेकरं किती तुम्हाला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. पदराचं टोक मुठीतून सुटलं. "दोघी लेकीच हायत, बाई," ती म्हणाली. "थोरली नर्सिंगला हाय. धाकटी..." आणि कॉटवरचा तिचा नवरा, जो इतका वेळ डोळे मिटून पडला होता, तो डोळे न उघडताच म्हणाला, "धाकटीचं सांग. पळण्यात जिल्ह्यात पहिली आली ते सांग."

"सांगून ऱ्हायले की!" ती म्हणाली, आणि हसली.

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.